प्रीती, मृत्यू आणि रंगभूमी : गोविंद बल्लाळ देवल यांचे नाट्यजीवन

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांचे नाव मराठी वाचकाच्या मनात ‘शारदा’ या नाटकाशी निगडित झालेले आहे. मराठीच्या बाहेरच्या अभ्यासकाला ते बहुधा तेवढ्यापुरतेच ठाऊक असते. परंतु देवलांनी लिहिलेल्या सात नाटकांपैकी स्वतंत्र नाटक हे एकच होय. उरलेल्या सहांपैकी तीन संस्कृत ग्रंथांवर आणि तीन इंग्रजी नाटकांवर आधारलेली आहेत. ही सातही नाटके एकापुढे एक ठेवून वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. दोन जीवांची प्रीती, तिच्यावर येणारे मरणाचे संकट, आणि त्या संकटातून सुटका होते की नाही हा प्रश्न, याच एका सूत्राभोवती देवलांची प्रतिभा पंचवीस-तीस वर्षे फिरत राहिली. शोकान्त प्रेमकथा भारतीय रंगभूमीने कशी स्वीकारली, या व्यापक प्रश्नाच्या दृष्टीने देवलांचे चरित्र म्हणूनच उद्‌बोधक ठरते.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला. त्यांचे बालपण सांगलीजवळच्या हरिपूर या गावी गेले. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे क्षेत्र, तेथील घाट आणि नदीकाठची भिक्षुक वस्ती यांचे संस्कार त्यांच्या मनावर झाले. ‘शारदे’तील वातावरणाची ओळख त्यांना पुस्तकांतून करून घ्यावी लागली नव्हती. त्यांच्या जन्मानंतरच्या वर्षी, म्हणजे १८५६ मध्ये, हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा संमत झाला. ते पस्तिशीत असताना, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. स्त्रीचा विवाह कोणाशी, केव्हा आणि कोणाच्या इच्छेने व्हावा, या वादाच्या सावलीतच त्यांचे सारे कर्तृत्व घडले.

शिक्षणासाठी ते बेळगावास गेले. तेथे त्यांना बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक लाभले. पुढे देवलांनीही शिक्षकाचा पेशा पत्करला, आणि एका अर्थी तो त्यांनी जन्मभर सोडला नाही. शाळेतील मुलांऐवजी नाटकमंडळीतील नट त्यांच्यापुढे बसू लागले, इतकेच. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चा प्रयोग करून किर्लोस्करांनी संगीत नाटकाचे युग सुरू केले. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. १८८५ च्या नोव्हेंबरात, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी किर्लोस्कर निवर्तले आणि ‘रामराज्यवियोग’ अपुरे राहिले. गुरूच्या पश्चात त्यांच्या मंडळीला नवी नाटके पुरविण्याचा आणि नटांना तयार करण्याचा भार ज्यांच्यावर आला, त्यांत देवल अग्रभागी होते.

मात्र देवलांचे पहिले नाटक किर्लोस्करी वळणाचे नाही. त्याच सुमारास मराठीत दुसरा एक नाट्यप्रवाह वाहत होता. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकाने मराठी प्रेक्षकाला नायकाचा मृत्यू आणि त्यामागून रमाबाईचे सहगमन दाखविले होते. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’चे भाषांतर केले होते. पुण्यातील सुशिक्षितांच्या आर्योद्धारक नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले, आणि या मंडळीशी देवलांचा निकटचा संबंध आला. एकीकडे किर्लोस्करांचे गाणे आणि कालिदास, दुसरीकडे आर्योद्धारकांचे गद्य आणि शेक्सपियर, अशा दोन शाळांत देवल एकाच वेळी शिकले. त्यांच्या लेखनाची पुढील सर्व वाटचाल या दुहेरी शिक्षणातून झालेली आहे.

‘दुर्गा’ हे त्यांचे पहिले नाटक १८८६ चे. टॉमस सदर्न याने १६९४ मध्ये एक शोकान्त नाटक लिहिले होते. त्याचे कथाबीज अ‍ॅफ्रा बेन या लेखिकेच्या एका कथेत होते. अठराव्या शतकात डेव्हिड गॅरिक याने सदर्नच्या नाटकातील विनोदी उपकथानक छाटून ‘इझाबेला’ या नावाने ते रंगभूमीवर आणले, आणि सारा सिडन्स या नटीने १७८२ मध्ये त्यातील नायिकेची भूमिका गाजविली. देवलांच्या हाती आलेली कथा अशी तीन हातांतून गेलेली होती. मूळ कथेत इझाबेलाचा पती युद्धात मरण पावल्याची वार्ता येते. सासरा तिला आणि तिच्या मुलाला थारा देत नाही, सावकार दाराशी येतात, आणि अखेरीस ती तिच्यावर दीर्घकाळ प्रेम करणाऱ्या एका सज्जनाशी विवाह करते. लगेच पहिला पती जिवंत परत येतो. त्याच्या भावाच्या कपटाने त्याचा घात होतो आणि इझाबेला वेडाच्या भरात प्राण देते.

पुनर्विवाहाचा प्रश्न घरोघरी धगधगत असताना या कथेची निवड व्हावी, हे लक्षणीय होय. कथेचा रोख कोणत्याच पक्षाच्या सोयीचा नाही. पुनर्विवाहाचे पाऊल स्त्री उचलते ते दारिद्र्याने आणि सासरच्या निष्ठुरतेने. त्यानंतर जे घडते त्याला ती कारण नसते, आणि तरीही त्याचे प्रायश्चित्त तिलाच भोगावे लागते. दोन्ही पुरुष भले असताना स्त्रीचा नाश होतो. सुधारकाला यात विधवेच्या निराधारपणाचा पुरावा दिसेल, सनातन्याला पुनर्विवाहाचे अनर्थ दिसतील. नाटककाराला दिसला तो एका पेचात सापडलेला जीव. देवलांच्या वृत्तीचे हे वैशिष्ट्य पहिल्याच नाटकात उमटले आहे.

यानंतर १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात देवल संस्कृतकडे वळले आणि शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ व कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ ही दोन नाटके त्यांनी मराठीत संगीत रूपात आणली. मृच्छकटिकाच्या दहा अंकांचा विस्तार एका रात्रीच्या प्रयोगात बसविताना त्यांनी जी काटछाट केली, तीत चारुदत्त आणि वसंतसेना यांच्या प्रीतीचा धागा कोठेही तुटू दिलेला नाही. पदांची रचना साधी, बोलीला जवळची आणि प्रसंगाला चिकटून राहणारी आहे. या पदांमुळेच शूद्रकाची वसंतसेना संस्कृत न जाणणाऱ्या मराठी माणसाच्या ओळखीची झाली.

१८९० मध्ये ‘झुंझारराव’ आले. हे ‘ऑथेल्लो’चे रूपांतर. शेक्सपियरने सुमारे १६०३–०४ मध्ये लिहिलेल्या या नाटकाची कथाही त्याची स्वतःची नव्हे. सिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ मधील कथासंग्रहातून ती आलेली आहे. कोल्हटकरांच्या भाषांतरात मूळची नावे आणि स्थळे होती. देवलांनी ती सोडून दिली. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा झाली, आणि इयागोला जाधवराव हे नाव मिळाले. या नामांतराचा परिणाम वरवरचा नाही. ही नावे कानी पडताच प्रेक्षक मराठी सरदारांच्या परिचित जगात येतो. मूर सेनापती आणि व्हेनिसचा उमराव वर्ग यांच्यातील वंशाचे, वर्णाचे आणि धर्माचे अंतर या जगात मुळाइतके भेदक राहत नाही. त्या मानाने घरातला संशय ठळक होतो. परका म्हणून नायकाच्या मनात असणारी असुरक्षितता ओसरते आणि पतीच्या अधिकाराचा व पत्नीच्या असहायतेचा प्रश्न पुढे येतो. मूळ नाटकाचा एक पदर येथे हरवला हे मान्य करावेच लागेल. पण जो पदर हाती राहिला, तो १८९० च्या महाराष्ट्राला अधिक जाचणारा होता.

शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी झुंझाररावाची भूमिका गाजविली. गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या ‘हॅम्लेट’च्या रूपांतरातील त्यांची भूमिका जितकी प्रसिद्ध, तितकीच ही. त्या काळी कमळजेची भूमिकाही पुरुष नटच करीत असे. तालीममास्तर या नात्याने देवलांचा लौकिक मोठा होता. वाक्य कोठे तोडावे, शब्दावर जोर कोठे द्यावा, मुद्रा केव्हा बदलावी हे ते नटाकडून पुनःपुन्हा घोटून घेत. शेक्सपियरचे काव्य मराठी गद्यात उतरताना जे गळून पडते, त्याची भरपाई नटाच्या वाचेने व्हावी, हा त्यामागील विचार असावा.

येथे मृच्छकटिक आणि झुंझारराव यांची तुलना केल्यावाचून राहवत नाही. दोन्ही नाटकांत निरपराध प्रेमिक स्त्रीचा गळा आवळला जातो. दोन्हींत एका वस्तूला साक्षीचे महत्त्व येते : एकीकडे वसंतसेनेचे अलंकार, दुसरीकडे डेस्डिमोनाचा हातरुमाल, आणि दोन्हीकडे ती साक्ष खोटी ठरणारी असते. परंतु शकाराने मेली म्हणून टाकून दिलेली वसंतसेना एका बौद्ध भिक्षूच्या शुश्रूषेने शुद्धीवर येते आणि वधस्तंभाकडे निघालेला चारुदत्त वाचतो. डेस्डिमोना वाचत नाही. शूद्रकाच्या जगात सत्य वेळेवर पोहोचते. शेक्सपियरच्या जगात ते काही क्षण उशिरा पोहोचते. दोन नाट्यपरंपरांमधील भेद एवढ्या अंतरात सामावलेला आहे, आणि एकाच लेखकाने थोड्या वर्षांच्या आत हे दोन्ही शेवट मराठीत आणले.

देवलांच्या पिढीपुढे संस्कृत नाट्याचे जे चित्र होते, तेही या संदर्भात ध्यानात घ्यावयास हवे. रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये आणि नाटकाचा शेवट अभ्युदयात व्हावा, हा संकेत तेव्हा निरपवाद समजला जात होता. त्याला अपवाद म्हणून आज ज्याचा निर्देश होतो, ते भासाचे ‘ऊरुभंग’ त्या वेळी अभ्यासकांना उपलब्धच नव्हते. त्रिवेंद्रमहून टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून भासाची नाटके प्रसिद्ध केली, तेव्हा देवलांचे बहुतेक लेखन होऊन गेलेले होते. मृच्छकटिकाशी साम्य असलेले ‘चारुदत्त’ही त्यांतच पुढे आले. म्हणजे शोकान्त हा प्रकार इंग्रजीतून आलेला, आणि पुनर्मीलन हे आपले, अशी सरळ वाटणी देवलांच्या काळात स्वाभाविक होती.

ही वाटणी त्यांच्या नाट्यप्रकारांतही उतरली आहे. ‘दुर्गा’ आणि ‘झुंझारराव’ ही शोकान्त नाटके गद्य आहेत. ‘मृच्छकटिक’, ‘विक्रमोर्वशीय’ आणि पुढचे ‘शापसंभ्रम’ ही संगीत. मरणाला गद्य आणि मीलनाला पद्य, असा जणू अलिखित नियम त्यांनी पाळला. प्रेक्षकाच्या अपेक्षा, मंडळ्यांची साधने आणि नटांचे गुण ही कारणे त्यामागे होतीच. किर्लोस्कर मंडळीजवळ भाऊराव कोल्हटकरांसारखा गाता नट होता, शाहूनगरवासी मंडळीजवळ गणपतरावांसारखा बोलता नट होता.

१८९३ च्या ‘शापसंभ्रमा’त देवलांनी या दोन वाटांच्या मधोमध पाऊल टाकले. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वर हे नाटक रचलेले आहे. महाश्वेता आणि पुंडरीक यांची प्रथम भेट होते, प्रीती जडते, आणि तिचे येणे होण्यापूर्वीच पुंडरीक विरहतापाने प्राण सोडतो. महाश्वेता अच्छोद सरोवराच्या काठी तपस्विनी होऊन राहते. पुढे कादंबरीचा चंद्रापीडही तसाच निष्प्राण होतो. शापांची गुंतागुंत उलगडल्यावर दोघेही प्रियकर परत मिळतात. येथे मृत्यू खरोखरच घडतो, परंतु तो अखेरचा नसतो. शोकान्ताची सर्व वेदना प्रेक्षकाला भोगू देऊन त्याला मीलनापर्यंत नेण्याची सोय बाणाच्या कथेत होती. गद्यकाव्याच्या प्रदीर्घ समासांतून आणि कथेत गुंतलेल्या कथांतून नाट्य वेगळे काढणे सोपे नव्हते. त्या मानाने हे नाटक मागे पडले, तरी देवलांच्या विचाराचा प्रवास समजून घेण्यासाठी त्याचे मोल मोठे आहे.

‘शारदा’ १३ जानेवारी १८९९ रोजी किर्लोस्कर मंडळीने इंदूर येथे प्रथम रंगभूमीवर आणले. द्रव्यलोभी कांचनभट आपली मुलगी भुजंगनाथ या वृद्ध धनिकाला देऊ करतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थ असतो. वधूवर सगोत्र असल्याचे उघड करून कोदंड हा तरुण ऐन विवाहप्रसंगी तो विवाह थांबवितो. पण मोडलेल्या लग्नाच्या मुलीला समाजात स्थान उरत नाही. शारदा जीव देण्यासाठी नदीवर जाते. कोदंड तिला वाचवितो आणि शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचा विवाह होतो. याच दशकात तेलुगू भाषेत गुरजाडा अप्पाराव यांचे ‘कन्याशुल्कम्’ अवतरले. १८९२ मध्ये विजयनगरम् येथे त्याचा प्रयोग झाला आणि १८९७ मध्ये ते छापले गेले. मुलीचे पैसे घेऊन तिला वृद्धाच्या गळ्यात बांधण्याची चाल दोन्ही नाटकांचे लक्ष्य आहे. गुरजाडांनी गिरीशम् आणि मधुरवाणी यांच्या साहाय्याने उपहासाचा मार्ग धरला. देवलांनी एका मुलीची व्यथा मध्यभागी ठेवली. एकाच सामाजिक दुखण्यावर दोन भाषांनी एकाच दशकात शोधलेले हे दोन उपाय तौलनिक अभ्यासाला उत्तम सामग्री पुरवितात.

शारदेला नदीवरून परत आणल्याबद्दल देवलांवर तडजोडीचा आरोप करता येईल. ज्या लेखकाने दुर्गेला आणि कमळजेला मरू दिले, त्याने स्वतःच्या समाजातील मुलीला मात्र वाचविले, हे कलादृष्ट्या दुबळेपणाचे लक्षण, असे म्हणणारा म्हणेल. मला ते पटत नाही. दुर्गा आणि कमळजा यांच्या कथा परदेशातून, पूर्ण झालेल्या स्वरूपात आल्या होत्या. त्यांचा शेवट ठरलेला होता. शारदेचा शेवट प्रत्यक्षात अजून ठरावयाचा होता. प्रेक्षागृहात बसलेल्या अनेकांच्या घरी त्या वयाच्या मुली होत्या. मुलगी मेलेली दाखवून प्रेक्षकाला अश्रूंवर मोकळे सोडणे शक्य होते. तिला जिवंत दाखवून, तिचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न त्याच्या गळ्यात घालणे देवलांनी अधिक इष्ट मानले. शूद्रकाचा भिक्षू येथे कोदंडाच्या रूपाने येतो. नदीच्या काठापर्यंतचा प्रवास शोकान्ताचा आहे, परतीची वाट संस्कृत नाटकाची आहे, आणि ही सांधेजोड देवलांची स्वतःची आहे.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी पुन्हा संशयाच्या विषयाला हात घातला. मोलिएरच्या १६६० मधील एका प्रहसनावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक रचले होते. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले होते. त्यालाच पदांची जोड देऊन ‘संशयकल्लोळ’ सिद्ध झाले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ मध्ये रंगभूमीवर आणले; बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव पुढे अतिशय लोकप्रिय झाले. त्याच वर्षी, १४ जून १९१६ रोजी, देवलांचे निधन झाले.

‘संशयकल्लोळ’ हे ‘झुंझाररावा’चे हसरे भावंड होय. तेथे हातरुमाल, येथे तसबीर. तेथे कमळजा, येथे कृत्तिका आणि रेवती. भेद असा की, झुंझाररावात संशय एकट्या पुरुषाला ग्रासतो आणि त्याची किंमत स्त्री मोजते. ‘संशयकल्लोळा’त स्त्रियाही तितक्याच हिरिरीने संशय घेतात, बोलतात, जाब विचारतात. कमळजेला आपली बाजू मांडावयास अवसर मिळत नाही, तो कृत्तिकेला भरपूर मिळतो. संशयाचा शेवट मृत्यूत होतो की हास्यात, हे संशय घेण्याचा आणि उत्तर देण्याचा हक्क किती जणांना आहे यावर अवलंबून असते, असा निष्कर्ष ही दोन नाटके शेजारी ठेवून काढता येतो.

देवलांच्या मागे या दोन्ही परंपरा पुढे गेल्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या गद्य शोकान्तिकेत हॅम्लेट आणि इयागो यांच्या छाया एकत्र आल्या. गद्य शोकान्त आणि संगीत मीलनान्त ही वाटणी ठळकपणे मोडली ती ‘एकच प्याला’ने, राम गणेश गडकरी यांचे हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ मध्ये, गंधर्व मंडळीनेच बडोद्यास प्रथम सादर केले, आणि बालगंधर्वांच्या सिंधूने गात गात मरण स्वीकारले. ‘ऑथेल्लो’ही मराठीत परतला : वि. वा. शिरवाडकरांनी १९६१ मध्ये त्याचे भाषांतर केले, आणि त्यांच्या १९७० च्या ‘नटसम्राटा’त वृद्ध नट गणपतराव बेलवलकर आपल्या जुन्या भूमिकांमध्ये ऑथेल्लोही जगतो. त्या नटाच्या नावात गणपतराव जोशींची आठवण जागी होते. महाराष्ट्राबाहेर १९९६ मध्ये दिल्लीत सदनम् बालकृष्णन् यांनी ‘ऑथेल्लो’ कथकळीत बांधला. त्याही आधी, १८४८ मध्ये, कलकत्त्याच्या साँ सूसी रंगगृहात वैष्णवचरण आढ्य या बंगाली तरुणाने इंग्रज मंडळींत ऑथेल्लोची भूमिका केली होती. तेथे नटाचा वर्ण हाच चर्चेचा विषय झाला. देवलांच्या मराठी वेषांतरात जो पदर फिका झाला, तो कलकत्त्यात नटाच्या देहावरच होता. दोन्ही प्रयोग एकत्र पाहिले, तरच या नाटकाचा भारतातील प्रवास पुरतेपणी कळतो.

रूपांतरकार म्हणून देवलांना दुय्यम मानण्याची प्रथा सोडून द्यावयास हवी. शेक्सपियर, गॅरिक, मर्फी हे सारे रूपांतरकारच होते, आणि शूद्रकाचे नाटकही आधीच्या कथेवर उभे आहे. प्रश्न कथा कोणाची हा नसून, ती कोणत्या काळी, कोणत्या समाजापुढे, कोणत्या शेवटाने सांगितली हा आहे. देवलांनी हा प्रश्न सात वेळा स्वतःला विचारला. त्यांनी दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत. कमळजा मेली, वसंतसेना शुद्धीवर आली, महाश्वेतेने वाट पाहिली, शारदा नदीवरून परतली. या चार स्त्रियांच्या नशिबांत मराठी रंगभूमीने दोन दशकांत केलेला विचार साठवलेला आहे.